खरा कूलर येईपर्यंत प्रोसेसर कसा थंड ठेवायचा

घरी जोडलेल्या मशीनचा कूलर बंद पडतो तेव्हा नवा कधीच हाताशी नसतो. माझ्या लिक्विड कूलरचा पंप कुरकुर करत एकदाचा थांबला. नवा यायला वेळ होता आणि काम थांबवणं शक्य नव्हतं. मग जुन्या, मेलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमधला अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा, पात्यांचा धातूचा तुकडा) काढला आणि त्यावर मधले दिवस निभावले. ब्राउझर, मेल, लिखाण, अधूनमधून कोड कंपाइल करणं हे सगळं झालं. गेम नाही. तेवढं सोडून द्यायची तयारी असेल तर पुढे वाचा.

हीटसिंकशिवाय 'नुसतं बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) डोकावून लगेच बंद करतो' असं मात्र करू नका. आजचे प्रोसेसर तापले की आधी वेग उतरवतात आणि मग मशीन बंद करतात, हे खरं. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटनं चालू मशीनवरचा हीटसिंक काढून चाचणी घेतली होती. त्यात इंटेलचा पेंटियम ४ मंदावून तगला आणि एएमडीच्या अ‍ॅथलॉननं धूर सोडला. तेव्हापासून संरक्षण खूप सुधारलंय, पण ते शेवटचा उपाय म्हणून आहे, रोज वापरायला नाही.

दुसरी चुकीची कल्पना म्हणजे वर धातूचा जाड ठोकळा ठेवला की भागतं. हिशेब करून बघा. एक किलो अ‍ॅल्युमिनियम एक अंशानं तापायला साधारण ९०० ज्यूल लागतात. प्रोसेसर ३० वॉट ओकत असेल तर ठोकळा दर अर्ध्या मिनिटाला एक अंश चढणार. पंधरा मिनिटांत तीस अंश, आणि पुढेही चढतच राहणार. ठोकळा उष्णता साठवतो, बाहेर टाकत नाही. बाहेर टाकायला पाती हवीत आणि पात्यांमधून हवा वाहायला हवी. ओलं फडकं, बर्फ वगैरे प्रकार तर विचारातही घेऊ नका. मदरबोर्डावर दव धरलं की कूलरसोबत बोर्डही गेला.

आता अडगळ उपसा. जुन्या मशीनचा कूलर सापडला तर आधी सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो तो साचा) बघा, कदाचित काही जुगाड करावाच लागणार नाही. एएमडीच्या एएम ४ आणि एएम ५ सॉकेटच्या बोर्डांवर सॉकेटच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे हूक असतात. एएम २, एएम ३ च्या काळातले क्लिपवाले कूलर त्यांना सरळ अडकतात. स्क्रूवाले मात्र बसत नाहीत, कारण भोकांचं अंतर ४८ बाय ९६ मिमीवरून ५४ बाय ९० झालं. इंटेलमध्ये एलजीए ७७५ सॉकेटची भोकं ७२ मिमीच्या चौकोनात, ११५० ते १२०० पर्यंतची ७५ मिमीच्या, आणि १७०० व १८५१ ची ७८ मिमीच्या. काही १७०० च्या बोर्डांवर ७५ चीही भोकं दिलेली असतात. पण त्यावर भुलू नका. १७०० चा प्रोसेसर सॉकेटमध्ये थोडा खाली बसतो, त्यामुळे जुना कूलर अडकतो, पण हवा तेवढा दाबत नाही.

आणि सगळी मेख दाबातच आहे. हीटसिंक जरा लहान असला तर तापमान दहा अंश जास्त दिसेल. पण एक कोपरा उचललेला असेल तर हीटसिंक केवढाही असो, उपयोग शून्य.

माझ्या बोर्डाला ७८ मिमीची भोकं, आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या हीटसिंकला बोर्डावर बसायला एकही नाही. त्याची पाती सरळ आणि एकमेकांपासून लांब होती, हे नशीब. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन जाड पट्ट्या पात्यांमधल्या खाचांतून घातल्या, तळावर टेकवल्या आणि बाहेर आलेल्या टोकांना भोकं पाडली. बोर्डामागे तशाच दोन पट्ट्या, पण अ‍ॅक्रिलिकच्या. धातू मागच्या सोल्डरच्या टाक्यांना टेकला तर शॉर्ट होतं, आणि मागे आधारच नसेल तर बोर्ड वाकतो. चार लांब एम ३ बोल्ट खालून वर, बोर्डाच्या दोन्ही बाजूंना नायलॉनचे वॉशर, आणि वर नटाखाली स्प्रिंग. स्प्रिंग बंद पडलेल्या ग्राफिक्स कार्डाच्या स्क्रूंवरून काढल्या. बॉलपेनमधली स्प्रिंग यासाठी फार लेची असते. स्प्रिंगशिवाय नट आवळला की दाब किती पडला ते कळत नाही, म्हणून ती टाळू नका. नट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा करत आवळायचे.

बऱ्याच जणांना इथे झिप टाय आठवते. हीटसिंक दाबून धरायला ती वापरू नका. सतत ताणाखाली आणि उष्णतेत नायलॉन हळूहळू सैल पडतं. पहिल्या तासाला छान वाटतं, दुसऱ्या दिवशी तापमान चढायला लागतं आणि कारण कळत नाही.

बसवण्याआधी हीटसिंकचा तळ तपासा. स्टीलच्या पट्टीची कड त्यावर उभी धरा आणि उजेडाकडे बघा. पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली तर तिथे खळगा आहे. काचेवर पॉलिश पेपर पसरा, ४०० नंबरचा, मग ८००, आणि तळ त्यावर गोल-गोल फिरवत घासा. आरशासारखा चकचकीत व्हायची गरज नाही, सपाट हवा. धातूचा कीस पुसून काढा, बोर्डापासून लांब.

थर्मल पेस्टचं काम दोन धातूंमधली हवा हाकलणं एवढंच. हवेची उष्णतावाहकता ०.०२६, साध्या पेस्टची ४ च्या आगेमागे, अ‍ॅल्युमिनियमची दोनशेच्या वर. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा कितीतरी बरी आणि धातूपेक्षा कितीतरी वाईट, म्हणून थर पातळच हवा. पेस्ट संपली असेल तर पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडचं मलम चार दिवस निभावतं. जेली तापली की पातळ होऊन ओघळते, तेव्हा मशीन आडवं ठेवा. ते तसंही आडवंच ठेवायचंय, कारण जड हीटसिंक उभ्या बोर्डावर लोंबकळायला नको. टूथपेस्ट नको, ती वाळून खडखडीत होते.

थेंबभर पेस्ट लावून हीटसिंक आवळा आणि मशीन चालू न करता पुन्हा काढा. उमटलेला ठसा बघा. मध्ये धातू जवळजवळ दिसतोय आणि कडांकडे पातळ पापुद्रा पसरलाय, तर उत्तम. एका बाजूला पेस्टचा गोळा तसाच शिल्लक असेल तर ती बाजू दाबली गेलेली नाही. नट जुळवा, पुन्हा ठसा घ्या. कंटाळा येतो, पण सगळ्यात जास्त फरक याच कामानं पडतो.

फॅन कॅबिनेटचाच १२० मिमीचा घ्या. तो बांधायला झिप टाय चालते. जाळीदार दांड्यांची आणि स्टिकरची बाजू म्हणजे हवा बाहेर पडायची बाजू. ती पात्यांकडे करा. वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवरच लावा, नाहीतर फॅन सापडत नाही म्हणून बोर्ड अडून बसतो. तीन पिनांचा फॅन चार पिनांवर चालतो. बाजूचं झाकण उघडं ठेवा. लिक्विड कूलर जाऊन हे आलंय, तेव्हा सॉकेटशेजारच्या पॉवर सर्किटलाही थोडी हवा लागू द्या.

मग बायोस. उष्णता मुळात कमी निर्माण झाली तर अर्धं काम तिथेच होतं. आय ५-१२४०० वर ६५ वॉट लिहिलेलं असलं तरी टर्बोत (भार पडल्यावर वाढवलेल्या वेगात) तो ११७ पर्यंत जाऊ शकतो. इंटेलवर पीएल १ आणि पीएल २ या वॉटच्या मर्यादा दोन्ही ३५ करा, एएमडीवर तशीच पीपीटी ही मर्यादा ४५ करा किंवा इको मोड लावा. बायोसमध्ये पर्याय नसेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली की सहसा टर्बो बंद होतो. वॉट निम्मे केले म्हणून वेग निम्मा होत नाही, कारण टर्बोतले शेवटचे मेगाहर्ट्झ व्होल्टेज फार खातात.

पहिल्यांदा चालू केल्यावर बायोसमध्येच थांबा, बोट पॉवर बटणावर. पन्नासच्या आसपास स्थिरावलं तर पुढे चला. अर्ध्या मिनिटात ऐंशी गाठलं तर लगेच बंद. नंतर तापमान दाखवणारा प्रोग्राम, विंडोजमध्ये एचडब्ल्यूइन्फो, लिनक्सवर सेन्सर्स, चालू ठेवून भार टाका. भार पडताच तापमान उडी मारतं आणि काढताच धपकन खाली येतं, तर तळ नीट टेकलेला नाही. पाच-दहा मिनिटं हळूहळू चढत राहतं, तर टेकलाय, पण हवा किंवा पाती कमी पडतायत. वॉट आणखी उतरवा. प्रोसेसरची मर्यादा ९५-१०० असली तरी मी ८५ च्या पुढे जाऊ देत नाही. रात्रभर चालू ठेवून झोपत नाही आणि कॅबिनेट सरकवत नाही.

खरा कूलर आला की काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करा. मग बंद करून वायर काढा, नट सोडवा आणि हीटसिंक सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे फिरवून सुटा करा. एएम ४ वर हे विसरलात तर प्रोसेसर हीटसिंकला चिकटून सॉकेटमधून उपटला जातो, पिना वाकतात. जेली लावली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोनदा पुसा. एकदा पुसून तिचा तेलकटपणा जात नाही.