कोकणात समुद्रावर कधी जावं? या चुका टाळा

पुण्यात हा प्रश्न लोक बुकिंग झाल्यावर विचारतात. आधी सवलत दिसते, मग सुट्टी जुळते, मग पैसे भरून होतात आणि त्यानंतर माझ्यासारख्या मालवणात सासुरवाडी असलेल्या माणसाला फोन येतो, “काका, जूनमध्ये तारकर्लीला बरं असतं ना?” नसतं. पण आता सांगून उपयोग काय, पैसे तर परत मिळणार नसतात.

अर्ध्या भावाला भुलणं

जूनमध्ये किनाऱ्यावरच्या खोल्या अर्ध्या भावात मिळतात, त्यामागे हॉटेलवाल्याचं मोठं मन नसतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात प्रवासी होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स बंद होतात, ते थेट ऑगस्टअखेरपर्यंत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ आणि दर्याही खवळलेला. म्हणजे ज्या तीन गोष्टींसाठी माणूस मालवणला जातो, सिंधुदुर्ग किल्ला, पाण्यात डुंबणं आणि ताजी सुरमई, त्या तिन्ही नेमक्या तेव्हाच मिळत नाहीत. उरते ती खोली.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या एका जोडप्याने हेच केलं. दोघंही आयटीतले, हुशार, प्रत्येक गोष्टीची एक्सेल शीट. जूनचा दुसरा आठवडा, दोन मुलं, समुद्राकडे तोंड असलेली खोली, निम्म्या दरात. निघायच्या आदल्या रात्री मला विचारलं. मी त्यांच्यासमोरच मालवणच्या एका खानावळवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, “येवा की! होडी बंद असा, मासे बर्फातले, पाऊस मात्र ताजो मिळतलो.” हे दोघं हसले आणि पहाटे निघालेसुद्धा.

गगनबावड्यापाशी धुक्यात गाडी बैलगाडीच्या वेगाने गेली. मालवणात पोचले तर धक्क्यावर एकही होडी नाही. सिंधुदुर्ग समोर दिसतो, पण जाता येत नाही. धाकट्याने विचारलं, शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये पाण्यात एवढा किल्ला बांधायला घेतला आणि पुराही केला, मग आपल्याला एक होडी का मिळत नाही? उत्तर कोणाकडेच नव्हतं. रात्री वाऱ्याने वीज गेली, ती सकाळी आली. समुद्राकडे तोंड असलेल्या खिडकीतून पाऊस आत येत होता म्हणून ती पूर्ण वेळ बंदच ठेवावी लागली. परत आल्यावर त्यांनी हॉटेलला एक तारा दिला. कारण काय लिहावं? ‘समुद्र फार खवळलेला होता.’

पावसाळ्यात कोकण वाईट असतं असं मी म्हणत नाही. भाताची लावणी बघा, आंबोलीला जा, कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा खा, दुपारी झोपा. पण तो पावसाचा प्रवास झाला. पोहायचा टॉवेल घरी ठेवा आणि ताम्हिणीने जायचं असेल तर शनिवार-रविवार टाळा. त्या दोन दिवसांत घाटात धबधब्यांपेक्षा गाड्याच जास्त असतात.

माझी सवय साधी आहे. हॉटेलवाल्याला ‘सीझन कसा आहे’ हे मी कधीच विचारत नाही, तो ‘या’ म्हणूनच सांगणार. खानावळीत फोन करून तीन प्रश्न विचारतो: किल्ल्याची होडी चालू आहे का, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागतेय का, आज बाजारात काय आलंय? तिन्हींची उत्तरं पटापट आली की बॅग भरायची. समोरचा ‘बघू, होईल काहीतरी’ म्हणाला तर पुण्यातच बरे.

महिना बघणं, तिथी न बघणं

ही चूक शिकलेले लोक जास्त करतात. पंधरा संकेतस्थळं बघून डिसेंबर ठरवतात आणि घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे ढुंकूनही पाहत नाहीत. महिन्याने फक्त हवा कळते. सकाळी उठल्यावर समुद्र दारात असेल की पार लांब गेलेला, हे तिथी सांगते.

कोळ्यांचा हिशेब असा: तिथीचा आकडा घ्या, त्याचा पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या सुमारास. दिवसाही आणि रात्रीही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही ओहोटीला, किनारा रुंद, चालायला मजा. अष्टमीला उलटं: संध्याकाळी पाणी वर चढलेलं आणि वाळूचा पट्टा उरलेला थोडा. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी. लहान मुलं बरोबर असतील तर मी भांगाचेच दिवस धरतो.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा तर पूर्णपणे ओहोटीवर अवलंबून. देवळामागून पायऱ्या उतरून खडकांवरून जायचं असतं आणि भरतीला लाटा थेट तिथेच आपटतात. एका पौर्णिमेला भर दुपारी तिथे एक ग्रुप बघितला. गावातला म्हातारा हात आडवा करून सांगतोय, आत्ता नाही, संध्याकाळी जा. त्यावर यांचं उत्तर: “अहो, पण आम्ही पुण्याहून आलोय!” समुद्राला हे कोणी कळवायचं? चिडले आणि प्रदक्षिणा न करताच श्रीवर्धनला निघून गेले. पाच तास थांबले असते तर पाण्याखालचे ते खडक मोकळे झाले असते. पण थांबणं कोणाला जमतं आजकाल?

बाकीच्या, थोडक्यात

मे महिन्यात ‘समुद्रावर गार असेल’ म्हणून जाणं. पुण्याचे चाळीस अंश कोरडे असतात, तिथले तेहतीस-चौतीस दमट. घाम वाळतच नाही. आंबे-फणसांसाठी जा, सकाळी दहानंतर सावलीत बसा.

हापूससाठी फेब्रुवारीत जाणं. देवगडच्या बागेत तेव्हा झाडावर कैऱ्याच जास्त. एप्रिलचा मध्य गाठा.

गणपतीत जाणं. चाकरमानी गावी आलेले, रस्ता भरलेला आणि होमस्टेवाल्याच्या घरी स्वतःचा गणपती. त्याला त्याचा सण करू द्या.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला जाणं. ऊन भाजतं आणि दुपारी परतीचा पाऊस विजा घेऊन येतो.

वेळास-आंजर्ल्याला कासवांची पिल्लं बघायला एका दिवसाचा बेत करणं. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ बरोबर, पण अंडी कधी फुटायची ते तुमच्या रजेच्या अर्जावर ठरत नाही. दोन रात्री काढा.

३१ डिसेंबर. यावर मी बोलतच नाही.

मग जायचं कधी? माझ्या मते दिवाळीची गर्दी ओसरल्यापासून नाताळच्या आधीपर्यंत, सोमवार ते गुरुवार. पाणी निवळलेलं, बांगडा भरपूर, पहाटे अंगावर चादर लागेल एवढा गारवा. ते जमलं नाही तर जानेवारीचा उत्तरार्ध, पण २६ तारखेला जोडून रविवार आलेला असेल तर तो आठवडा सोडा. मुलांच्या शाळा असतात, हे मला माहीत आहे. दोन दिवसांची चिठ्ठी लिहून द्या, चौथीच्या वर्गाचं काही अडत नाही.