फ्लोराइड वार्निश आम्लापुढे किती टिकतं? उपदाढांवर घ्यायची चाचणी

काढलेल्या दातांना फ्लोराइड वार्निश (दातांवर लावायचा फ्लोराइडयुक्त राळेचा लेप) लावायचं, ते आम्लात बुडवायचे आणि त्यांचा कडकपणा किती घटला ते मोजायचं, अशी ही चाचणी. एमडीएसच्या (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या) दुसऱ्या वर्षी मी ती पहिल्यांदा केली. वार्निश लावलेल्या दातांचे आकडे इतके सुंदर आले, की रात्री साडेदहाला आईला फोन करून सांगितलं. सकाळी गाईड मॅडमनी वही बघितली आणि एकच विचारलं, "आम्लात बुडवताना वार्निशचा थर तसाच होता ना? मग आम्ल दातापर्यंत पोचलं कधी?" तीन आठवड्यांचं काम गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

दात म्हणून ब्रेसेससाठी काढलेल्या उपदाढाच (सुळे आणि दाढा यांच्या मधले दात) घ्या. पुण्यात अशा केसेस भरपूर असतात, पण पेशंटची लेखी संमती आणि एथिक्स कमिटीची मंजुरी आधी. काढल्यापासून दात 0.1 टक्के थायमॉलच्या द्रावणात ठेवा. कोरडा पडला की इनॅमलला (दातावरच्या कठीण आवरणाला) तडे जातात, आणि तो दात वाया गेला.

मुळं कापून टाका, मुकुट (दाताचा वरचा भाग) ॲक्रेलिकमध्ये बसवा आणि 600 पासून 1200 नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत वाहत्या पाण्याखाली घासा. पृष्ठभाग सपाट हवा, नाहीतर विकर्सचा हिरा (कडकपणा मोजायच्या मशीनचं टोक, त्याच्या ठशावरून कडकपणा काढतात) ठसा वाकडा उमटवतो. आमच्याकडे हे मशीन नव्हतं. ओल्या कापसात गुंडाळलेले सॅम्पल डब्यात घालून मी पीएमपीच्या बसने भोसरीच्या एका मेटल टेस्टिंग लॅबमध्ये न्यायचे. तिथल्या माणसाला वजन 100 ग्रॅम आणि वेळ 15 सेकंद हे आधीच सांगून ठेवा, कारण त्यांची रोजची सवय पोलादाची. प्रत्येक दातावर तीन-चार ठसे घेऊन सरासरी काढा. निरोगी इनॅमल विकर्सच्या मापात साधारण 300 च्या पुढे भरतं. फार वेगळे पडलेले दात बाजूला काढा, उरलेले असे वाटा की सगळ्या गटांची सुरुवातीची सरासरी जवळपास सारखी येईल.

गट तीन करा: काहीच न लावलेला, 5 टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश लावलेला, आणि तीच राळ पण फ्लोराइड नसलेलं वार्निश लावलेला. तिसरा गट मिळवायला त्रास होतो, तरी तो सोडू नका. फरक फ्लोराइडने पडला की नुसत्या राळेने, हे त्याच्याशिवाय सांगता येत नाही. या वार्निशमध्ये 22,600 पीपीएम फ्लोराइड असतं, पेस्टमध्ये साधारण 1,000 ते 1,450. म्हणून थर पातळच द्या.

वार्निश लावल्यावर सॅम्पल रात्रभर कृत्रिम लाळेत ठेवा. तोंडातही ब्रशने आणि चावण्याने थर एक-दोन दिवसांत निघतोच, तेव्हा सकाळी तो काढून टाका. ब्लेड आडवं धरून हलक्या हाताने, मग ॲसिटोनचा बोळा. कडेला पिवळट पापुद्रा राहतो, तो स्टिरिओमायक्रोस्कोपखालीच दिसतो. ज्यांना काहीच लावलं नव्हतं त्या दातांवरूनही ॲसिटोन फिरवा, वागणूक सारखी हवी. अर्धा भाग आम्लापासून झाकायला नेलपॉलिश लावणार असाल तर ते यानंतर. आधी लावलं तर ॲसिटोनने तेही निघून येतं.

आम्लासाठी लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये 3 ग्रॅम सायट्रिक ॲसिड. पीएच अडीचच्या आसपास येतो, लिंबाच्या रसाच्या जवळ. पीएच मीटर रोज बफरने (ठरावीक पीएचच्या द्रावणाने) तपासून घ्या. पाच मिनिटं आम्ल, मग धुऊन कृत्रिम लाळेत किमान तासभर, असं दिवसातून चार वेळा, पाच दिवस. प्रत्येक वेळी ताजं आम्ल घ्या. वापरलेल्यात दातातलं कॅल्शियम उतरलेलं असतं, त्यामुळे पुढची झीज कमी दिसते. तापमानही एकच ठेवा: मे महिन्यातली दुपार आणि डिसेंबरातली सकाळ यांचे आकडे एका तक्त्यात बसत नाहीत.

फरक छोटा आला तर घाबरू नका, आणि तो फुगवूही नका. सोडियम फ्लोराइडमुळे दातावर कॅल्शियम फ्लोराइडसारखे बारीक कण बसतात. कीड थांबवायला ते फार कामाचे, पण इतक्या तीव्र आम्लात तेही लवकर विरघळतात. शिवाय खऱ्या तोंडात दातावर लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पडदा असतो, तो आपल्या डबीत नाही. म्हणून पेशंटला सल्ला देताना हे आकडे पुढे करू नका.

पाच दिवसांनंतर पुन्हा ठसे घ्या, पण हे शेवटचे ठसे मोजणाऱ्याला गट कळू देऊ नका. डब्यांवर नुसते आकडे टाका, आणि कुठला आकडा कुठल्या गटाचा याची यादी पाकिटात घालून मैत्रिणीकडे ठेवा. सगळी मोजणी वहीत उतरेपर्यंत ते पाकीट तिच्याकडेच राहू द्या.