खंडांवरच्या प्रश्नांत मार्क जातात कुठे? या चुका टाळा

साताऱ्यातल्या अभ्यासिकांत खंडांचा धडा म्हणजे फुकटचे मार्क, असा समज आहे. सराव पेपर तपासायला बसलं की तो समज टिकत नाही.

सर्वात जास्त घोळ आकारमानाचा. भिंतीवरचा नकाशा बघून उत्तर ठोकायचं, आणि तो नकाशा बऱ्याचदा मर्केटरच्या प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायच्या त्याच्या पद्धतीचा असतो. मर्केटर या नकाशाकारानं तो १५६९ मध्ये खलाशांसाठी काढला. दिशा अचूक मिळावी म्हणून ध्रुवांकडचा भाग त्यात ताणला जातो. ६० अक्षांशावर क्षेत्रफळ थेट चौपट दिसतं. म्हणून ग्रीनलंड आफ्रिकेएवढं वाटतं. प्रत्यक्षात ग्रीनलंड साधारण २१.७ लाख चौरस किलोमीटर, आफ्रिका ३ कोटींच्या वर. चौदा ग्रीनलंड मावतील! आपला भारतसुद्धा ग्रीनलंडच्या दीडपट आहे. खात्री हवी तर पृथ्वीगोलावर ट्रेसिंग पेपर धरून ग्रीनलंड गिरवा आणि तोच कागद भारतावर ठेवा. कागदाला चुण्या पडतील, पण फरक लपणार नाही. क्रम लावताना अंटार्क्टिकाला शेवटी ढकलू नका. तो युरोप आणि ऑस्ट्रेलिया दोघांपेक्षा मोठा आहे.

स्थानाच्या प्रश्नात दक्षिण अमेरिका हमखास चकवते. ती उत्तर अमेरिकेच्या बरोबर खाली नाही, चांगलीच पूर्वेला सरकलेली आहे. लिमा तिच्या पश्चिम किनाऱ्यावर, तर वॉशिंग्टन उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात. तरी दोन्ही ७७ अंश पश्चिम रेखांशाच्या आसपासच. युरोप-आशियाची हद्द उरल पर्वत, कॅस्पियन, कॉकेशस अशी पाठ करा आणि पुढे चला.

रचनेचा प्रश्न मात्र आपल्या भागातल्या मुलांनी तरी चुकवू नये. समुद्रतळ बेसॉल्टचा (लाव्हा थिजून बनलेला काळा खडक), सह्याद्रीही बेसॉल्टचा, म्हणजे सह्याद्री समुद्रातून वर आला, असं उत्तर दर वर्षी कुणीतरी लिहितंच. अजिंक्यताऱ्याचा काळा दगड बेसॉल्टच, पण तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर थरांवर थर साचलेला लाव्हा आहे. त्याखाली खंडाचं मूळ कवच आहेच. कोयना परिसरात संशोधनासाठी खोल बोअर घेतले, तेव्हा साधारण किलोमीटरभर बेसॉल्ट संपल्यावर ग्रॅनाइट आणि नाइस (उष्णता आणि दाबानं बदललेला पट्टेदार खडक) लागले. खंडांचं कवच अशा हलक्या खडकांचं, सरासरी ३५ किलोमीटर जाड. महासागरांखालचं जेमतेम ७.

आता भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचे हळूहळू सरकणारे प्रचंड तुकडे. खंड आणि भूपट्ट एकच समजू नका. भारत आशियात असला तरी त्याचा भूपट्ट वेगळा, आणि पॅसिफिक भूपट्ट जवळजवळ सगळा पाण्याखाली. 'भूकंप फक्त भूपट्टांच्या कडेला होतात' असं विधान आलं तर डोळे झाकून 'बरोबर' करू नका. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप कडेपासून कितीतरी आत झाला होता.