टिपरला जीपीएस लावला तरी मातीचा हिशोब जुळत नाही? मग या चुका टाळा

मे महिना लागला की पावसाच्या आत माती उरकायची सगळ्यांनाच घाई होते आणि तेव्हा मला हमखास एक फोन येतो. "ओ साहेब, सगळ्या गाड्यांना जीपीएस लावलाय, मोबाईलवर ट्रीपा पण दिसायलेत, पण बिल काढताना पाव हिस्सा कमी पडायलाय, गाडीवाला मला फसवायलाय का?" फसवणारे असतात, नाही असं नाही, पण मी जेवढे हिशोब उघडून बघितले त्यात बहुतेक वेळा गाडीवाल्याचा काहीच दोष नव्हता. चूक ॲप लावताना झालेली किंवा ॲप लावायच्या आधीच झालेली. सोलापूर आणि आजूबाजूला प्लॉटिंग, शेडचे प्लिंथ, रस्त्याचा भराव असली कामं करत आलोय, यातल्या काही चुकांचे पैसे मी स्वतः भरलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ट्रीपा गुणिले गाडीचे ब्रास (मातीचं माप) असा हिशोब. ६ ब्रासची हायवा, म्हणजे मोठा टिपर, १०० ट्रीपा, झाले ६०० ब्रास, आणि ॲप पण तसंच दाखवतं कारण आपणच त्यात "गाडीची कपॅसिटी ६" असं भरलेलं असतं. पण माती तीन ठिकाणी तीन मापाची असते हो. जमिनीत असते तेव्हा घट्ट, बकेटने उचलली की फुगते, आणि भरावात पाणी मारून रोलर फिरवला की परत दबते. आपली काळी माती उकरली की साधारण २५ ते ४० टक्के फुगते, मुरूम त्यापेक्षा थोडा कमी, आणि खाली काळा पाषाण लागून ब्रेकर लावावा लागला तर दगड दीडपट किंवा त्याच्याही वर जागा खातो. आता १ ब्रास म्हणजे १०० घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर, म्हणजे ६ ब्रासची गाडी झाली १७ घनमीटर, पण ती सैल मातीची. ३० टक्के फुगवटा धरला तर गाडीत जमिनीतली माती बसली फक्त १३ घनमीटर, साडेचार ब्रासच्या थोडं वर. कटिंगचं बिल आपल्याला मिळतं जमिनीतल्या मापावर आणि गाडीवाल्याला आपण पैसे देतो गाडीच्या मापावर, मग पाव हिस्सा गेला कुठं म्हणून रात्रभर ट्रीपा मोजत बसायचं. कुठंच गेलेला नसतो.

यावर उपाय साधा आहे आणि एका सकाळचं काम आहे. साईटवर २० मीटर बाय १० मीटर आखून घ्या, बरोबर १ मीटर खोल काढा, म्हणजे २०० घनमीटर, आणि त्यात किती गाड्या भरल्या ते मोजा. १५-१६ हायवा लागल्या तर तुमचा फुगवटा ३० च्या आसपास, १७-१८ लागल्या तर जास्त आहे किंवा गाड्या कमी भरतायत. २०० ला गाड्यांच्या संख्येने भागा, जे घनमीटर येतील तो आकडा ॲपमध्ये गाडीच्या कपॅसिटीच्या जागी टाका. माती बदलली की खड्डा परत घ्या, वरची काळी संपून खाली मुरूम लागला तरी जुनाच आकडा चालू ठेवणारे लई बघितलेत. भरावाला पण असंच, मुरूम २५० मिलीमीटर सैल पसरला की रोलर झाल्यावर २०० च्या आसपास राहतो, तेव्हा बाहेरून किती गाड्या मागवायच्या ते या दबलेल्या मापावरून काढा.

दुसरी चूक मी स्वतः केलीय. चिंचोळीच्या बाजूला एक शेडचं काम होतं, साधारण ८,००० चौरस मीटर जागा, जेसीबी सकाळी सातला हजर झाला आणि सर्व्हेवाला अकराला येणार होता, म्हणून मी म्हणालो तोपर्यंत वरची झाडझुडपं आणि सैल माती काढून टाक, उगाच मशीन बसून कशाला ठेवायचं. त्याची वाट बघता बघता चार दिवसात सगळीकडून फूटभर थर निघाला आणि मूळ जमिनीच्या लेव्हल (उंचीची मापं) घेतल्याच गेल्या नाहीत, सर्व्हे झाला तो उकरलेल्या जमिनीचा. ८,००० गुणिले ०.३ म्हणजे २,४०० घनमीटर, हायवाच्या १८० च्या पुढे गाड्या. ॲपमध्ये ट्रीपा होत्या, वेळेसकट होत्या, पण मालकाच्या इंजिनिअरचं म्हणणं "मूळ लेव्हल दाखवा", आणि ते चुकीचं नव्हतं. ट्रीपांची नोंद हा गाडीवाल्याच्या हिशोबाचा पुरावा, जमीन किती निघाली याचा पुरावा फक्त आधीची आणि नंतरची लेव्हल. तेव्हापासून पहिल्या लेव्हलवर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्याशिवाय मी मशीनला चाबी लावू देत नाही.

आता ही पहिली लेव्हल बरेच जण ड्रोनने घेतात, चांगलं आहे, वेळ वाचतो. पण ड्रोनच्या फोटोतून जे मॉडेल बनतं ते दिसणाऱ्या पृष्ठभागाचं असतं. आपल्याकडच्या पडीक जागेवर वेडी बाभूळ माजलेली असते, ज्वारीची धाटं उभी असतात, मॉडेलला ती जमीनच वाटते आणि कटिंगचं माप फुगून येतं. झुडपाच्या भागात माणूस आत घालून रोव्हरने (काठीवरच्या अचूक जीपीएसने) पॉईंट घ्या, १० मीटरच्या ग्रीडवर. आणि होटगी रोडच्या विमानतळाच्या आसपास काम असेल तर ड्रोन उडवायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन साईटवरचा झोन बघा, परवानगी लागते.

लेव्हलचंच आणखी एक. जीपीएस जी उंची देतो ती समुद्रसपाटीपासूनची नसते, ती पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते आणि आपल्या भागात या दोन्हीत ७० मीटरच्या आसपास फरक पडतो. एवढा मोठा फरक कुणाच्याही लक्षात येतो, तो त्रास देत नाही. त्रास देतो तो १०-१५ सेंटीमीटरचा, म्हणजे रोव्हरला एका दिवशी एक बेस (ज्याच्यावरून रोव्हर माप घेतो तो स्थिर जीपीएस) आणि दुसऱ्या दिवशी दुसरा बेस वापरला किंवा बेस अंदाजे त्याच जागी ठेवला की तेवढा फरक येतो. ८,००० चौरस मीटरवर १० सेंटीमीटर म्हणजे ८०० घनमीटर, हे लक्षात ठेवा. रोज काम सुरू करताना टीबीएमवर, म्हणजे साईटवरच्या पक्क्या उंचीच्या खुणेवर, रोव्हर टेकवून आरएल (त्या जागेची उंची) तपासायचा, दोन मिनिटं लागतात. आणि तो टीबीएम काळ्या मातीत खुंटी ठोकून करू नका! काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाणी पडलं की फुगून वर येते, खुंटी पण तिच्याबरोबर वरखाली होते. जुन्या मोरीची भिंत, उघडा पाषाण, असलं काहीतरी शोधा. लांबीच्या कामात अजून एक गोम, यूटीएम झोन ४३ या नकाशाच्या पद्धतीत सोलापूरच्या जागी नकाशावरचं अंतर आणि जमिनीवर टेपने मोजलेलं अंतर यात किलोमीटरला फूटभर फरक येतो. सर्व्हेवाल्याला आधीच विचारा की ड्रॉइंग ग्रिडचं (नकाशावरच्या अंतराचं) आहे की ग्राऊंडचं (जमिनीवरच्या अंतराचं), नाहीतर चेनेज (सुरुवातीपासून मोजलेलं अंतर) पुढं पुढं सरकत जातं आणि भांडण टेप धरणाऱ्या पोरांशी होतं.

बरं, आता ॲपच्या आतल्या तक्रारी.

"ट्रीप डबल लागायलीय." याचं कारण जवळजवळ नेहमी जिओफेन्स, म्हणजे ॲपच्या नकाशावर जागेभोवती आखलेलं कुंपण. साधा गाडीतला जीपीएस ३ ते ५ मीटर इकडंतिकडं होतोच, पोकलेनच्या आडोशाला किंवा खोल कटिंगमध्ये अजून जास्त. आपण फेन्स काढतो २० मीटरचा, गाडी लाईनीत उभी असते, ड्रायव्हर चहा प्यायला उतरलेला असतो आणि स्क्रीनवर ती गाडी आत-बाहेर आत-बाहेर करत राहते, दर वेळी एक ट्रीप. फेन्स ५० ते १०० मीटरचा ठेवा, आत किमान ३ मिनिटं थांबली तरच धरायचं असं सेटिंग करा, आणि लोडिंगनंतर डम्पिंग झालं तरच ट्रीप पूर्ण हा नियम लावा. त्याहून पक्कं पाहिजे असेल तर बॉडी उचलल्याचा सेन्सर बसवा, खर्च आहे पण वाद संपतात.

"ट्रीप लागतच नाही" ही उलटी तक्रार रस्त्याच्या कामात येते. भराव रोज पुढं सरकतो, डम्पिंगची जागा आज एका मोरीपाशी तर आठ दिवसांनी अर्धा किलोमीटर पुढं, आणि फेन्स राहिला मागं. गाडीवाला बिचारा ट्रीपा टाकतोय आणि नोंद शून्य. रोज संध्याकाळी सुपरवायझरने फेन्स सरकवायचा, हे कुणाच्या तरी नावावर काम म्हणून लिहून द्या, नाहीतर होत नाही.

"मध्यरात्रीनंतरच्या ट्रीपा आदल्या दिवसाच्या तारखेत दिसतात." सर्व्हरचं घड्याळ ग्रीनिच वेळेवर असतं, आपण साडेपाच तास पुढं. म्हणून रात्री १२ ते पहाटे ५:३० च्या ट्रीपा आदल्या दिवसात जातात. उन्हाळ्यात आपल्याकडं रात्रपाळीच जास्त चालते, त्यामुळे हा गोंधळ इथं फार होतो. टाईमझोन बदला आणि दिवस मोजायचा तो पाळीप्रमाणे, संध्याकाळी ७ ते सकाळी ७ एक पाळी.

नेटवर्क नसलेल्या खाणीत डिव्हाईस डेटा साठवून ठेवतं आणि रेंज आली की पाठवतं, तेव्हा आठ वाजताच रिपोर्ट काढून ड्रायव्हरवर ओरडू नका, दुसऱ्या दिवशी दुपारी काढा.

पोकलेनचं मात्र वेगळं आहे. ते एका जागी उभं राहून खोदतं, जीपीएसला वाटतं थांबलंय. म्हणून लोक चाबीच्या वायरवरून तास मोजतात आणि मग नुसती चाबी ऑन असली तरी तास पडत राहतात, इंजिन बंद का असेना. इंजिनच्या आरपीएमचा सिग्नल घ्या, कमी आरपीएम म्हणजे नुसतं चालू, जास्त म्हणजे काम, हा फरक बिलात वेगळा दाखवा. आणि दुपारी पारा ४३-४४ ला असताना ऑपरेटर इंजिन चालू ठेवून एसीत दहा मिनिटं बसला तर ती चोरी नाही हो, केबिनमध्ये बसून बघा एकदा.

उभं राहण्याचा आकडा उलट आपल्या प्लॅनिंगची चूक दाखवतो. पोकलेन एक हायवा ५ मिनिटात भरतं आणि गाडीला जाऊन, खाली करून परत यायला ३० मिनिटं लागतात, तर गाड्या पाहिजेत ७. पाच लावल्या तर पोकलेन बसून राहणार, दहा लावल्या तर गाड्या लाईनीत. हे ३० मिनिटं ॲप अचूक सांगतं, अंदाज लावायची गरज नाही, पण हा रिपोर्ट उघडणारा माणूस मी क्वचित बघितलाय. आणि सकाळी ३० असलेली फेरी दुपारी ४५ झाली तर आधी कच्चा रस्ता बघा, खड्डे पडलेत का, पाण्याचा टँकर फिरलाय का. ग्रेडर अर्धा तास फिरवला की फेरी परत खाली येते.

रॉयल्टीबद्दल, म्हणजे मुरूम-मातीवर सरकारला भरायच्या रकमेबद्दल, थोडक्यात पण गंभीरपणे सांगतो, मुरूम बाहेरून आणत असाल तर महाखनिज या सरकारी साईटवरच्या पासवर जेवढे ब्रास, ॲपमध्ये जेवढ्या ट्रीपा आणि बिलात जेवढं माप, हे तिन्ही रोजच्या रोज एका कागदावर लिहा. फुगवट्यामुळे आकडे सारखे येणार नाहीत, पण का वेगळे आहेत ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे, सहा महिन्यांनी आठवत नाही.

पहिला पाऊस पडला की काळी माती बॉडीला चिकटते, गाडी खाली झाली असं दिसतं पण तळाला आणि कोपऱ्यात माती तशीच परत येते, आणि ट्रीप मात्र पूर्ण लागते. पावसाळ्यात दिवसातून दोनदा फावड्याने बॉडी साफ करून घ्या, किंवा तेवढ्या दिवसांसाठी कपॅसिटीचा आकडा खाली आणा.

शेवटी डिझेल. याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण इथं माणसाची अब्रू जाते. टाकीतला सेन्सर लिटर मोजत नाही, उंची मोजतो, आणि त्यावरून लिटरचा अंदाज करतो. गाडी उतारावर उभी राहिली की आकडा बदलतो. टाकीचा आकार वेडावाकडा असेल आणि कॅलिब्रेशन रिकाम्या टाकीपासून १०-१० किंवा २०-२० लिटर टाकून केलं नसेल तर मधले आकडे सगळे चुकीचे. वर आपल्याकडचं ऊन. डिझेल तापलं की फुगतं, २०० लिटर डिझेल २० अंशांनी थंड झालं तर ३ लिटरच्या वर कमी दिसतं. दुपारी गरम टाकी, पहाटे गार टाकी, आणि आपण अलार्म लावलेला ३ लिटरचा.

एका कामावर असा अलार्म सलग चार पहाटे वाजला आणि मी ऑपरेटरला सगळ्यांसमोर बोललो. वयाने मोठा माणूस, अकरा वर्षं मशीनवर. काही बोलला नाही, हिशोब घेतला आणि गेला. नंतर दुसरा ऑपरेटर आला तरी अलार्म वाजतच राहिला, तेव्हा मी टाकी रिकामी करून मापाने भरून बघितली आणि कळलं की एक थेंब गेलेला नव्हता. गड्ड्याच्या यात्रेत (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत) त्याला शोधत गेलो, माफी मागितली, पुढच्या कामाला तो परत आला. आता अलार्म १० लिटरच्या खाली लावत नाही, आकडा बघतो तो गाडी सपाटीवर आणि इंजिन बंद असतानाचाच, आणि कॅलिब्रेशनच्या दिवशी त्यालाच टाकीपाशी उभं करतो, पंपाचे लिटर तो मोठ्याने वाचतो आणि मी लिहून घेतो, खाली सही दोघांची.