थंडीतल्या भेटीची लोकर एकदमच घ्या

नागपुरात खरी थंडी डिसेंबर-जानेवारीत पडते, म्हणून भेट द्यायची टोपी किंवा मफलर दसऱ्यालाच सुयांवर चढवा. पुढे फराळाच्या गडबडीत विणकामाला हात लागत नाही. स्वेटरचा हट्ट नको, घर सांभाळून तो वेळेत होणं कठीण. बर्डीवर किंवा इतवारीत लोकर घेताना सगळे गुंडे एकदमच घ्या आणि लेबलवरचा लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, जुळवून बघा. नंतर आणलेला गुंडा हातात तसाच दिसतो, पण विणल्यावर त्याचा पट्टा वेगळा उठतो. मध्येच उठावं लागणारच, तेव्हा ओळ पूर्ण करून सुईच्या टोकाला रबर गुंडाळा, म्हणजे मुलांनी ओढलं तरी टाके निसटत नाहीत. बाळासाठी मऊ अॅक्रिलिक बरं, धुवायला सोपं.