घरची बटणं फोनवर घेण्याआधी

दिवे, पंखा, गिझर फोनवरून चालवायचे असतील तर पुण्यातल्या तपकीर गल्लीत (विजेच्या नि इलेक्ट्रॉनिक सामानाचा बाजार) खरेदीला जाण्याआधी घरातला एखादा स्विचबोर्ड उघडून बघा. अर्थात मेन पाडून आणि टेस्टर लावून. बोर्डात न्यूट्रल (करंटची परतीची वायर) आहे का, एवढंच आज पाहायचं. पेठांतल्या जुन्या वायरिंगमध्ये दिव्याच्या बटणापर्यंत बऱ्याचदा नुसती फेज येते, आणि ईएसपी३२ला, म्हणजे फोनचा हुकूम घेणाऱ्या छोट्या वायफाय बोर्डाला, तर चोवीस तास सप्लाय हवा. सॉकेट असलेल्या बोर्डात न्यूट्रल असतेच. नसेल तिथे वायरमनकडून ओढून घ्या, भिंत फोडायचा उत्साह नको.

मग कागदावर उपकरणं आणि त्यांचे वॅट लिहा. वॅटला २३०ने, म्हणजे घरच्या व्होल्टेजने, भागलं की अँपिअर. ट्यूब-पंख्याला १० अँपिअरचा रिले (ईएसपी३२च्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) पुरून उरतो. २००० वॅटचा गिझर मात्र जवळपास ९ अँपिअर खातो. रिलेवर १० छापलंय म्हणून लावू नका. स्वस्त मॉड्यूलचे ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या) इतका वेळ तापायला केलेले नसतात. गिझरला २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर (जड लोडसाठीचा मोठा स्विच) घ्या, रिलेने फक्त त्याची कॉइल चालू-बंद करायची. टाकीच्या पंपालाही कॉन्टॅक्टरच, कारण मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते.

दुकानात ऑप्टोकपलरवाला (सिग्नल प्रकाशाने पोचवून दोन बाजू अलग ठेवणारा) रिले मागा आणि तो ईएसपी३२च्या ३.३ व्होल्टच्या सिग्नलवर चालतो का, ते विचारा. शिवाय ५ व्होल्टचं पॉवर मॉड्यूल, फ्यूज, बंद प्लास्टिक डबा, मल्टिमीटर. बारीक जंपर वायरी २३० व्होल्टच्या बाजूला अजिबात नकोत.

भिंतीवरचं बटण जिवंत ठेवाच. आई काही दिवा लावायला फोन शोधणार नाही. जिन्यातल्या दिव्यासारखं टू-वे बटण रिलेच्या एनओ-एनसी (एरवी उघडं आणि एरवी जोडलेलं) या टोकांना जोडलं की ईएसपी बंद पडला तरी दिवा लागतो. पण मग दिवा चालू की बंद, हे फोनला कळत नाही, म्हणून ही जोडणी गिझरला नको.

गुरुवारी दुरुस्तीसाठी गेलेली वीज परत आली की गिझर आपोआप सुरू व्हायला नको: टास्मोटात (ईएसपी३२वर टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) ‘पॉवरऑनस्टेट’ ० करा. वायफाय २.४ गिगाहर्ट्झचं लागेल. बाहेरून वापरायला राउटरचे पोर्ट उघडू नका. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट (घरची उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि सोबत टेलस्केल (बाहेरून घरच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारं व्हीपीएन) बरं. चाचणी मोबाइल डेटावर घ्या, आणि रिलेला तेव्हा गिझर नाही, टेबललॅम्प जोडलेला असू द्या.