परसातले बांबूचे बेट: पावसाळ्यात काय लावावे, कुठे हात लावू नये

दोन-तीन चांगल्या सरी पडून जमीन हातभर ओली झाली की बांबूची लावणी सुरू करावी आणि जुलै संपायच्या आत उरकावी. त्याआधी एक गोष्ट नक्की करा: काठी हवी आहे कशाला? बेट, म्हणजे बांबूचा झुपका, एकदा धरले की ते पुढची कित्येक वर्षे तिथून हलत नाही.

सिंधुदुर्गात आणि गोव्याकडे परसात लावावा तो माणगा. बिनकाट्याचा, सरळ, बुडाशी जवळपास भरीव, तीसेक फूट जाणारा. मांडवाच्या मेढी, आंबे उतरवायच्या झेल्याची काठी, केळीचा टेकू, टोमॅटोचा आधार ही सगळी त्याची कामे. नर्सरीत डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्सी असे नाव सांगून मागावा, कारण 'मेस' या गावठी नावाने मागितले की प्रत्येक तालुक्यात वेगळाच बांबू हातात पडतो. विदर्भातल्या हलक्या, मुरमाड जमिनीत मानवेल तगतो. लाठ्या आणि अवजारांचे दांडे त्याचेच. बारीक काठी हवी असेल तर चिवारी. कटांग ऊर्फ काटस वासे-खांबांना दणकट, पण त्याच्या आकड्यासारख्या काट्यांमुळे बेटात हात घालता येत नाही. तो ओढ्याकाठी किंवा लांबच्या बांधावरच बरा.

हिरव्या रेघांचा पिवळा बांबू शोभेला छान. मात्र त्याच्या काठीत पिष्ट भरपूर असल्याने काठी पोखरणारा भुंगा सगळ्यात आधी तिथेच लागतो, तेव्हा त्याच्याकडून टिकाऊ कामाची अपेक्षा नको. 'गोल्डन बांबू' या नावाने कधी कधी फिलोस्टॅकिस ऑरिया ही जातही विकली जाते. तिची मुळकांडी जमिनीखालून लांब पळतात आणि कोंब शेजाऱ्याच्या अंगणात निघतात. कुंडीतला लकी बांबू तर बांबूच नव्हे, तो ड्रॅसिना नावाचे वेगळेच झाड.

माणग्याला बी धरत नाही, म्हणून कंद लावतात. एक-दोन वर्षांच्या काठीचा कंद मुळांसकट खणून काढावा, वर तीन-चार गाठी ठेवून तिरपा छाट द्यावा आणि त्याच दिवशी लावावा; उन्हात पडलेला कंद सहसा फुटत नाही. खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. त्यात दोन घमेली कुजलेले शेणखत मातीत मिसळून भरावे. दोन बेटांत बारा ते पंधरा फूट, घराच्या भिंतीपासून किमान दहा फूट सोडावे. पाणी तुंबणाऱ्या जागी कंद कुजतो, तिथे उंचवटा करूनच लावावे. कटांग किंवा मानवेलाचा कंद आणत असाल तर मूळ बेट किती जुने आहे ते विचारा. या जाती काही दशकांनी एकदाच फुलतात आणि मरतात. कंदाचे वय मूळ बेटाइतकेच धरायचे, त्यामुळे म्हाताऱ्या बेटाचे रोप तुमच्याकडे येऊन लवकरच फुलोऱ्यावर जाऊ शकते.

जुन्या बेटात मात्र आता कोयता घालू नये. जून ते सप्टेंबर कोंब वर येतात. ते इतके ठिसूळ असतात की नुसत्या पायाच्या धक्क्यानेही मोडतात. शिवाय पावसात तोडलेल्या काठीत ओल आणि साखर जास्त, ती भुंग्याला आयतीच. सध्या करायचे ते एवढेच: बुंध्याला वीतभर मातीची भर द्यावी, कारण कंद दरवर्षी वर वर सरकतात आणि उघडे पडले की काठ्या बारीक होतात. माकडे, साळिंदर, रानडुक्कर कोंबांवर टपलेले असतात. भोवती बोरी-बाभळीच्या काट्या रोवाव्यात.

कोंब खायचे असतील तर सुरुवातीचे जाड कोंब राखावेत, त्यांच्याच चांगल्या काठ्या होतात. हंगामाच्या शेवटचे किडकिडीत कोंब हात-दीड हात झाले की काढावेत. विदर्भात त्यांना वास्ते म्हणतात, गोव्यात किल्ल. सोलून, पातळ चिरून रात्रभर पाण्यात ठेवावेत, मग उकळून ते पाणी फेकून द्यावे. कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारे द्रव्य असते, ही पायरी गाळू नका.

तोडणी थंडीत, साधारण नोव्हेंबर ते जानेवारी. अमावास्येलाच तोडायची प्रथा पाळायची तर पाळा, पण ऋतू चुकवू नका. बांधकामाला तीन वर्षांवरची काठी लागते. यंदाची काठी पांढऱ्या भुकटीची, गाठींवर साली चिकटलेली असते. जुनी मळकट, बुरशीच्या ठिपक्यांची. सुपे, रोवळ्या, डालगी विणणाऱ्या बुरडांना उलट कोवळी हिरवी काठी हवी असते, पिकलेली चिरताना तडकते. त्यामुळे बेट त्यांना द्यायचे असेल तर आधी बोलून घ्यावे. छाट जमिनीपासून पहिल्या किंवा दुसऱ्या गाठीच्या अगदी वर द्यावा. गाठीवर वाटीसारखी पोकळी राहिली तर तिथे पाणी साचून बुंधा कुजतो. बेटाच्या एका बाजूने शिरून मधल्या जुन्या काठ्या काढाव्यात, बाहेरच्या तरण्या ठेवाव्यात. तोडलेल्या काठ्या तीन-चार आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून, मग सावलीत उभ्या वाळवाव्यात.